पूर्ण एक मिनिट

३ जुलै

बाई,

नमस्कार. तुम्ही सहा वर्षं ज्यासाठी माझ्या मागे लागला होतात ते अखेर झालं. सोमवारपासून मी अतिदक्षता विभाग सोडून आमच्याच रुग्णालयाच्या नर्सिंग शाळेत शिकवायला लागले. हौसेनं नाही, कंबरेमुळं. डॉक्टर म्हणाले, आता पेशंट उचलणं बंद, नाहीतर उद्या तुम्हालाच उचलायला दोन माणसं लागतील. तेव्हा अर्ज केला. शाळेलाही शिक्षिका हवीच होती.

पहिल्या वर्षाच्या तेहतीस मुली आहेत. गणवेश इतके कडक की एकदम खाली बसल्या की आवाज होतो. पहिल्या तासाला फळ्यावर ताप, नाडी, श्वास असे तीन शब्द लिहिले, बोलले, घंटा झाली, बाहेर आले. वाईट झालं नाही, चांगलंही झालं नाही. एकोणीस वर्षं नोकरी केल्यावर पहिल्यांदा वर्गासमोर उभं राहायचं, तर हातपाय गार पडतील असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. खरं सांगू का, मला हल्ली काहीच वाटत नाही. भूक लागली की जेवते, वेळ झाली की झोपते. आईला जाऊन सव्वा वर्ष झालं, त्यामुळं असेल म्हणावं, तर रडूही येत नाही. तक्रार म्हणून सांगत नाही, तुम्ही विचारणार म्हणून आधीच लिहिलं.

वर्गात एक मुलगी आहे. सगळ्या तिला प्रश्नमंजूषा म्हणतात, आणि आता नुसतंच मंजूषा. तिनं विचारलं, नाडी अर्धा मिनिट मोजून दुप्पट केलेली चालते, मग श्वासच पूर्ण मिनिट का? मी म्हटलं, श्वास मुळात थोडे, अर्ध्या मिनिटात एक चुकला की हिशेबात दोन चुकतात. आणि माणूस काही घड्याळासारखा श्वास घेत नाही. तुमचंच वाक्य. तिनं ते वहीत उतरवून खाली दोन रेघा मारल्या.

काय शिकवायचं ते मला येतं. कसं शिकवायचं ते तुम्ही लिहा.

तुमची,
तेरा नंबर

१२ जुलै

तेरा नंबर,

तुझं पत्र आलं तसं मी सूनबाईला म्हटलं, आज चहाबरोबर बिस्किटं काढ, माझी एक मुलगी मास्तरीण झाली. ती म्हणाली, तुम्हाला तर एकच मुलगा आहे. मी म्हटलं, एक मुलगा आणि आठशे मुली. नावं विसरले असेन, हजेरीचे नंबर एकीचेही विसरले नाही.

आता ऐक. काही वाटत नाही म्हणतेस, तर नको वाटू दे. वर्गात उभ्या असलेल्या बाईला काय वाटतंय याच्याशी मुलींना काडीचं देणंघेणं नसतं. मला पहिली पाच वर्षं फक्त भूक वाटायची, कारण माझा तास जेवणाच्या सुट्टीच्या आधी असायचा. काम करत राहिलं की बाकीचं मागून येतं.

तुमच्याकडे जुनी पद्धत अजून आहे ना? प्रत्येक शिक्षिकेच्या वाट्याला तीन मुली, वर्षभर. त्या आजारी पडल्या तर तू बघायचं, नापास झाल्या तर बोलणी तू खायची, वॉर्डात चुकल्या तर त्या तुझ्या नावानं चुकल्या. तुझ्या तिघी नीट निवड. गोड मुली घेऊ नकोस, त्या कुठंही निभावून नेतात.

आणि श्वास फळ्यावर शिकवू नकोस. खाटेशी घेऊन जा. मनगट धरायचं, नाडी मोजून झाली तरी बोटं तशीच ठेवायची, आणि नजर गुपचूप छातीवर. आपला श्वास मोजतायत हे पेशंटला कळलं की तो शहाण्यासारखा श्वास घ्यायला लागतो आणि आकडा खोटा येतो. चांगल्या नर्सला करावी लागणारी लबाडी एवढीच.

माझा गुडघा तसाच आहे. अख्ख्या इमारतीचे रक्तदाब माझ्या वहीत आहेत, त्यामुळं सगळे माझ्याशी अदबीनं वागतात.

बाई

२४ ऑगस्ट

बाई,

तिघी निवडल्या. एक मंजूषा. दुसरी लांब वेणीची, फार कमी बोलते आणि रक्त दिसलं की भिंतीला टेकते. तिसरी वयानं सगळ्यात मोठी, एका मुलीची आई, तिला वर्गात सगळ्या मावशी म्हणतात आणि आता मीही चुकून म्हणते. तिघींपैकी एकही गोड नाही.

रोज सकाळी दहाला मी त्यांना हाडांच्या वॉर्डात नेते. बावीस खाटा, प्रत्येक खाटेच्या पायाशी तक्ता लटकवलेला. मी एका खाटेशी सगळं करून दाखवते, त्या बघतात, मग बाकीच्या खाटा त्या वाटून घेतात. लांब वेणी परवा जखमेची पट्टी बदलताना शेवटपर्यंत उभी राहिली. मावशीनं एका म्हाताऱ्या बाईंचे केस विंचरून दिले, ते कुठल्या पुस्तकात नाही, पण मी करू दिलं.

मंजूषा माझ्या मागेमागे असते. मी तक्ता कसा धरते, पेन कुठल्या खिशात ठेवते, खाटेपासून किती लांब उभी राहते, सगळं टिपते. आता तिचं पेनही डाव्या खिशात असतं. मुली तिला चिडवतात की ही मॅडमची झेरॉक्स. मला यातलं काही सुखाचं वाटायला हवं होतं. ते वाटलं नाही, पण वाटायला हवं होतं एवढं कळलं, म्हणून तुम्हाला लिहिलं.

तेरा नंबर

२ सप्टेंबर

तेरा नंबर,

झेरॉक्स निघू दे. आम्ही सगळ्या कोणाच्या ना कोणाच्या झेरॉक्सच आहोत. मी माझ्या बाईंसारखी अजून खोकते. पट्टीच्या वेळी उभी राहिली त्या मुलीला शाबासकी दिलीस का? नुसतं मला लिहून काय उपयोग? उद्या जाऊन दे.

गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आहे, पुढच्या महिन्यात. सगळे फार काळजीत आहेत, मी सोडून.

बाई

२९ सप्टेंबर

बाई,

एक वाईट गोष्ट झाली.

बारा नंबरच्या खाटेवर एक घड्याळ दुरुस्त करणारे आजोबा होते. खुब्याचं ऑपरेशन झालेलं. मुलींची घड्याळं मागून घ्यायचे आणि पुढे आहे, मागे आहे ते सांगायचे. मंगळवारी सकाळी त्यांना दुखतं म्हणून कडक इंजेक्शन दिलं. त्या औषधानं श्वास मंदावतो, म्हणून दर तासाला मोजून तक्त्यावर लिहायचा असतो. ती खाट मंजूषाकडे होती. तिनं अकराला वीस लिहिलं. बाराला वीस. एकला वीस. दीड वाजता वॉर्डच्या सिस्टर सहज शेजारून गेल्या, त्यांना आजोबांचे ओठ निळे दिसले. त्यांनी मोजले तर मिनिटाला सहा.

दोन दिवस ते मशीनवर होते. काल नळी काढली. घशातून आवाज निघत नाही, पण माणसं ओळखतात. वाचले.

चौकशी लागली आहे. मुलीनं न मोजता लिहिलं हे उघड आहे आणि तिनं ते कबूल केलं. प्राचार्यांचं म्हणणं, तिला शाळेतून काढावं. सोळा तारखेला समितीसमोर मला माझं मत द्यायचं आहे, कारण ती माझ्या तिघींतली. मी काय सांगू?

तेरा नंबर

४ ऑक्टोबर

तेरा नंबर,

पत्र दोनदा वाचलं. आजोबा वाचले हे नशीब.

मुलीला काढा. तुला कठोर वाटेल, पण विचारलंस म्हणून सांगते. इंजेक्शन चुकलं तर समजू शकते, घाई असते, बाटल्या सारख्या दिसतात. हे तसं नाही. एका जागी उभं राहून साठ सेकंद बघायचं, तेवढंही जिला जड झालं, तिच्या हातात मी मांजर देणार नाही. हल्लीच्या मुलींना आकडा भरला की काम झालं असं वाटतं. तू तिला नीट शिकवलंस, तिनं ते धाब्यावर बसवलं. तुझ्याकडं यातला काही दोष येत नाही. उगाच स्वतःला बोल लावत बसू नकोस आणि तिची वकिलीही करू नकोस.

ऑपरेशन आठ तारखेला आहे. नंतर सूनबाई लिहून घेईल, तिचं अक्षर वाचता आलं तर वाच.

बाई

९ ऑक्टोबर

बाई,

काल तुमचं ऑपरेशन झालं असेल. अशा वेळी हे पत्र पाठवू नये हे कळतं. तरी पाठवते, कारण सोळा तारीख जवळ आली आणि मी तुमच्याशी खोटं बोलले आहे.

मंजूषाला न मोजता लिहायला मी शिकवलं.

फळ्यावर नाही. फळ्यावर मी पूर्ण मिनिटच सांगितलं. पण रोज सकाळी खाटेशी मी मनगट धरायची, नाडी मोजायची, आणि मग श्वासाच्या रकान्यात वीस लिहायची. जुलैपासून रोज. एकदाही मोजला नाही. तीन मुली रोज बघत होत्या. लांब वेणी आणि मावशी फळ्यावरचं ऐकून मोजत राहिल्या. मंजूषा माझ्याकडं बघत होती.

चौकशीत तिला विचारलं, हे असं करायला कोणी सांगितलं? ती म्हणाली, कोणी नाही, पुस्तकात पूर्ण मिनिट लिहिलंय. एवढंच. मी तिथंच खुर्चीवर बसले होते. तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. नंतर मी तिला कपडे बदलायच्या खोलीत गाठलं आणि विचारलं, खरं का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "मॅडम, मला वाटलं तुम्हाला नुसतं बघून कळतं. इतकी वर्षं झाली ना तुम्हाला. म्हटलं, मलाही जमतंय का बघावं. आजोबा झोपलेले छान दिसत होते. मला वीसच वाटले."

ती रडत होती. मी टॉवेल दिला.

आता का ते सांगते. आई गेली तेव्हा शेवटचे तीन तास मी तिच्या उशाशी होते. दुसरं काही करण्यासारखं उरलं नव्हतं म्हणून तिचे श्वास मोजत बसले. तुम्हाला माहीत आहे, शेवटी कसं होतं. भराभर चार-पाच, मग थांबा. मग परत. थांबे लांबत गेले. वीस सेकंद, तीस सेकंद. दुपारी साडेतीनला एक थांबा चाळीस सेकंदांचा झाला, मग एक श्वास आला, आणि मी पुढच्याची वाट बघत मोजत राहिले. शंभरच्या पुढे गेले होते, तेव्हा भावानं माझा हात धरला.

त्यानंतर मी कोणाच्याही छातीकडे बघितलेलं नाही. अतिदक्षता विभागात होते तोवर कळलं नाही, तिथं मशीनच आकडा दाखवतं. मलाही कळलं नाही म्हणा. मी ठरवून टाळत नव्हते. हात आपोआप वीस लिहायचा.

समितीला सांगितलं तर माझी नोकरी बहुतेक जाईल. नाही सांगितलं तर मुलगी जाईल. तिचे वडील तिला इथं पाठवायलाच तयार नव्हते, एकदा घरी परत गेली की संपलं. हे सगळं लिहिताना मला काही वाटायला हवं. मी वाट बघतेय.

तेरा नंबर

१३ ऑक्टोबर

तेरा नंबर,

सूनबाई लिहून घ्यायला बसली होती, तिला उठवलं. हे मीच लिहिणार, वाकडंतिकडं आलं तर येऊ दे.

ठीक आहे असं मी म्हणणार नाही. ठीक नाही. माझ्या हाताखालून गेलेल्या बाईनं तीन महिने खोटे आकडे लिहिले आणि एक माणूस मरता मरता वाचला. मला तुझा संताप आला आहे. पाय ताणून पडायला सांगितलंय म्हणून, नाहीतर गाडीत बसून तिथं येऊन बोलले असते.

सोळा तारखेला उभी राहा आणि सगळं सांग. नोकरी जाईल तर जाईल. ती मुलगी माझ्या मागच्या पत्रातल्या शब्दांवर घरी गेली असती, हे मला रात्रंदिवस टोचतंय. तिला मांजर देणार नाही म्हणाले ना मी? माझ्याकडून तिची क्षमा माग. मला तिचा नंबर कळव.

आता दुसरं. तुझी आई गेली तेव्हा मी तुला पत्र पाठवलं होतं. दोन ओळींचं. आठवतंय मला. 'तिसऱ्या दिवशी कामावर जा, कामासारखं औषध नाही.' तू गेलीस. माझं सगळं ऐकतेस तसं तेही ऐकलंस. मी तेव्हा म्हणायला हवं होतं की घरी बस, रड, महिनाभर कोणाला तोंड दाखवू नकोस. मला ते सुचलं नाही. माझे वडील गेले तेव्हा माझ्या बाईंनी मला हेच सांगितलं होतं, आणि मी संध्याकाळच्या पाळीला हजर झाले होते, आणि अख्ख्या शाळेत त्याचं कौतुक झालं होतं. तेच मी तुझ्या हातात ठेवलं. हे चुकलं, मुली. माझं चुकलं.

म्हणून तुझं सुटलं असं समजू नकोस. सोळा तारखेला उभी राहा.

बाई

१० नोव्हेंबर

तेरा नंबर,

चार आठवडे झाले. पत्र नाही, फोन लावला तर उचलत नाहीस. सांगितलंस की नाही? मुलगी आहे की गेली? चांगलं-वाईट काय असेल ते एका ओळीत कळव. मी काठी घेऊन दारापर्यंत चालते, आणि पत्र आलंय का बघून परत येते. यामुळं गुडघा सुधारतोय असं डॉक्टर म्हणतात.

बाई

१८ नोव्हेंबर

बाई,

सांगितलं. उभी राहून सांगितलं. पाचजण होते. सांगून झाल्यावर एकांनी विचारलं, पाणी हवं का? मी घेतलं.

मंजूषा राहिली. तीन महिने वॉर्ड बंद, नुसता वर्ग. जानेवारीत परत वॉर्डात. माझं शिकवणं काढून घेतलं. तिघी आता दुसऱ्या शिक्षिकेकडे गेल्या. नोकरी गेली नाही, सेवापुस्तकात शेरा गेला. बाह्यरुग्ण विभागात टेबलाशी बसून कागद लावते. पहिल्या वर्षाच्या मुलींबरोबर ताप-नाडी-श्वासाची परीक्षा परत पास होईपर्यंत एकाही तक्त्याला हात लावायचा नाही. महिनाभर रजाही दिली होती, सक्तीची. घरी बसले. तुम्ही म्हणालात ते करून बघितलं. रडू आलं नाही, पण दिवसभर बसून राहता आलं.

तुमची क्षमा मंजूषाला सांगितली. ती म्हणाली, मांजर का देणार नव्हत्या? मी तिला सगळं पत्र वाचून दाखवलं. तिचा नंबर सत्तावीस.

तेरा नंबर

२२ जानेवारी

बाई,

काल परीक्षा झाली. मुलींच्या बाकावर बसून मी वाट बघत होते. लेखी नव्हतीच, खाटेशीच घेतात. दोघी-दोघींच्या जोड्या असतात. दोघींनी खाटेच्या दोन बाजूंना उभं राहायचं, एकाच वेळी मोजायला सुरुवात करायची, आणि आपापला आकडा चिठ्ठीवर लिहून परीक्षक बाईंना द्यायचा. एकाचा फरक चालतो. जोड्या नंबरानुसार लागल्या. मंजूषा उशिरा परत आलेली, तिचं नाव यादीच्या तळाला, आणि माझं तर यादीत नव्हतंच. शेवटी आम्ही दोघीच उरलो. मुद्दाम कोणी केलं नाही.

पेशंट एक बस-कंडक्टर होते, न्यूमोनियातून उठत असलेले. डोळे मिटून पडले होते. मी डावं मनगट धरलं, तिनं उजवं. परीक्षक बाईंनी घड्याळ दाबलं. मी त्यांच्या छातीकडे पाहिलं.

बाई, पहिल्यांदा मला भीती वाटली. साधी भीती. किती दिवसांनी काही वाटलं, आणि ते हे. पण मी मोजत होते. नऊ, दहा, अकरा. मग त्यांचा श्वास जरा अडखळला. झोपेत होतं तसं, दोन-तीन सेकंद, फार नाही. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा छाती हलत होती, आणि मी पुढे मोजलं.

माझ्या चिठ्ठीवर सोळा, तिच्या सतरा. परीक्षक बाई म्हणाल्या, एकाचा फरक आहे, दोघी पास. त्यांनी शिक्का काढला. मी मनगट सोडलं.

मंजूषानं सोडलं नाही. म्हणाली, "मॅडम, परत मोजूया."

परीक्षक बाई म्हणाल्या, अगं, पास झालात. ती म्हणाली, "हो, पण आकडा कोणता लिहायचा?"

मला तिचा राग आला. सगळ्या अंगातून राग आला. आणि त्या रागातच मी परत मनगट धरलं. घड्याळ लागलं. तो अडखळणारा थांबा या वेळी जरा लांबला. समोरून मंजूषा माझ्याकडं बघत नव्हती, छातीकडे बघत होती. मी डोळे उघडे ठेवले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते पुसायला हात मोकळा नव्हता, एक मनगटावर आणि एक खाटेच्या कठड्यावर. वाट बघितली. श्वास आला. तो मोजला.

दोघींच्या चिठ्ठीवर सतरा. पहिल्या वेळी माझाच एक राहून गेला होता.

तिनं तक्त्यावर सतरा लिहिलं, वेळ लिहिली, आणि सहीसाठी पेन माझ्या हातात दिलं.

तुमची,
तेरा नंबर